"कुणी पाहिलं का?"

भाच्याची आणि ताईची परवानगी घेऊन लिहितोय. संस्थेचं नाव, गावाचं नाव लिहिणार नाही. कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका, ही विनंती. मुद्दा एका संस्थेचा नाहीये.

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री सव्वाअकराला भाच्याचा फोन आला. पोरगा वैमानिक व्हायला एका फ्लाइंग स्कूलमध्ये राहतो. एरवी त्याचा फोन रविवारी सकाळी, तोही आईनं दम दिल्यावर.

"मामा, झोपलास?"

"बोल."

मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं पैसे हवेत, नाहीतर पोरीबिरीचं काहीतरी. शेवटी म्हणाला, "आज एक लँडिंग वाईट झालं."

संध्याकाळी तो एकटाच सेस्ना १७२ घेऊन सर्किट करत होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उडायचं, धावपट्टीशेजारून चौकोनी फेरी मारायची, टेकायचं आणि लगेच पुन्हा उडायचं, याला सर्किट म्हणतात. शिकाऊ वैमानिकाचे अर्धे दिवस यातच जातात. तिसऱ्या वेळी त्यानं धावपट्टीपासून जरा जास्तच उंचीवर नाक उचललं. वेग संपला, विमान धप्पकन बसलं आणि चेंडूसारखं वर आलं. अशा वेळी इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची आणि परत वर निघून जायचं, हे घोकून घेतलेलं असतं. पण घाबरलेला हात घोकलेलं विसरतो. त्यानं कंट्रोल पुढे ढकललं आणि विमान पुढच्या चाकावर आदळलं. पुन्हा उडालं, पुन्हा आदळलं, मग थांबलं. चालवत आणून जागेवर लावलं. उतरून वाकून पाहिलं, वरवर काही दिसलं नाही. रेडिओवरचे इन्स्ट्रक्टर त्या वेळी दुसऱ्या विमानाशी बोलत होते. विमानाच्या नोंदवहीत बिघाडाचा रकाना असतो, तिथे यानं लिहिलं, 'निल'.

आणि सकाळी साडेसहाला तेच विमान घेऊन त्याच्या मागच्या बॅचची एक मुलगी निघणार होती. एकटी. तिची पहिली क्रॉस कंट्री.

हे सगळं ऐकून मी काय विचारलं असेल? विमान कसं आहे, हे नाही विचारलं. तुला लागलं का, हेही नाही.

मी विचारलं, "कुणी पाहिलं का?"

तो म्हणाला, "नाही." आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

हे लिहायला मला वर्ष लागलं ते या एका प्रश्नामुळे. दुसऱ्या कुणी विचारला असता तर समजू शकतो. माझ्या तोंडून तो यायला नको होता. का, ते सांगतो.

१९८७ साली मी पुण्यात डिप्लोमाला होतो. वडील साताऱ्याला तलाठी. विमानात बसायची आमची ऐपत नव्हती, आणि मी दर रविवारी पहाटे सायकल काढून हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला उडायला जायचो. सासवड रस्त्याला. आज पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे थापाड्या म्हातारा असल्यासारखी बघतात. पण ते सेंटर सरकारचं होतं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. फी माझ्या खिशाला झेपेल इतकी होती. बँकेतले क्लार्क, किर्लोस्करमधले फिटर, एक होमिओपॅथीचे डॉक्टर आणि आम्ही कॉलेजची पोरं, असा जमाव असायचा. कुणालाही पायलटची नोकरी करायची नव्हती. उडायचं होतं, बस.

ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे मोटरवर चालणारं मोठं रहाट. त्याची पोलादी तार किलोमीटरभर लांबून आणून ग्लायडरच्या पोटाला अडकवायची. विंचवाले काका ती जोरात गुंडाळायला लागले की ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. हजारएक फुटांवर तार सोडायची आणि मग तुम्ही, वारा आणि घारी. घारी गोल फिरत असतील तिथे गरम हवा वर चढतेय हे ओळखायचं, त्यात शिरायचं. सापडली तर अर्धा तास, नाही तर पाच-सहा मिनिटांत खाली. दिवेघाटाचा डोंगर पहिल्यांदा वरून पाहिला तेव्हा मी मोठ्यानं ओरडलो होतो. शेजारी बसलेले सर म्हणाले होते, "ओरड, पण वेग बघ."

आमच्याकडे 'रोहिणी' होतं. लाकूड, प्लायवूड आणि कापडाचं, शेजारीशेजारी दोघं बसतील असं, आपल्याच देशात आखलेलं आणि बांधलेलं. एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. भारतात तयार झालेल्या ग्लायडर्सची नावं बघा. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. पंचांग उघडून ओळीनं नक्षत्रं घेतलीत. त्या खात्यात कुणीतरी रसिक माणूस बसलेला असणार.

दिवसभर थांबलं की वाट्याला एखाद-दोन उड्डाणं यायची. पाच मिनिटं हवेत आणि आठ तास जमिनीवर. जमिनीवर काय, तर ग्लायडर ढकलायचं, तार ओढायची, उडताना पंखाचं टोक धरून पळायचं, वहीत वेळा लिहायच्या, आणि दुसऱ्याचं लँडिंग बघत त्यावर जोरजोरात वाद घालायचा. मला तेव्हा वाटायचं की हे आठ तास फुकट जातायत. फी कमी म्हणून करून घेतात हमाली.

एका रविवारी संध्याकाळी ग्लायडर हँगरमध्ये आत ढकलताना पंखाचं टोक माझ्याकडे होतं. माझं लक्ष भलतीकडे. पंखाची मागची कड दाराच्या लोखंडी चौकटीला लागली. 'टक्' असा आवाज आला, फार मोठा नाही. हात फिरवून पाहिलं, कापड शाबूत होतं. कुणी ऐकलं नव्हतं. सायकल काढली आणि हॉस्टेलला आलो.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. शनिवारी रात्री झोपच लागली नाही. रविवारी पाचलाच निघालो आणि पहिलं उड्डाण व्हायच्या आत सरांसमोर उभा राहिलो. पाय लटपटत होते. फी परत देतील, हाकलून देतील, वडिलांना पत्र जाईल, असं सगळं डोक्यात.

सरांनी ऐकून घेतलं. पहिलं काय केलं, तर ग्लायडरवर लाल फडकं बांधलं. मग मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी एलेरॉनजवळ, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीजवळ, बोटानं वाजवून पाहिलं. नारळ वाजवून बघतात तसं. एका जागी आवाज बद्द आला. कापड सोडवलं तर आतली बरगडी तडकलेली, बिजागरीच्या अगदी शेजारची.

मग सरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मला म्हणाले, "सांग यांना." मी सांगितलं. कुणी हसलं नाही. बँकेतले एक जण म्हणाले, "मागच्या वर्षी माझ्याकडूनही लागलं होतं, पण मी बघितलंच नव्हतं नीट." त्यांच्या पाठोपाठ अजून दोघं बोलले. त्या दिवसापासून हँगरमध्ये ढकलताना दोन्ही टोकांना एकेक माणूस आणि दारात तिसरा, असा नियम झाला. मला शिक्षा म्हणाल तर पुढचे दोन रविवार मिस्त्रींच्या हाताखाली पॉलिश पेपर घासायचा. दंड एक पैसा नाही. तिसऱ्या रविवारी सरांनी त्याच ग्लायडरमध्ये पहिलं उड्डाण मला दिलं आणि स्वतः शेजारी बसले.

ते आठ तास कशासाठी होते, हे मला त्या दिवशी कळलं.

क्लब म्हणजे हे. जेआरडींना देशातला पहिला, एक नंबरचा वैमानिक परवाना मिळाला तो १९२९ साली. शिकले होते ते आदल्या वर्षी जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात. मग आगाखानांनी बक्षीस लावलं, इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर तिकडून इकडे येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पींचे स्पार्क प्लग बिघडलेले. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. बक्षीस अस्पी जिंकले. ही गोष्ट आपण मोठेपणाची म्हणून सांगतो. मला ती नेहमी क्लबची वाटते. दुसऱ्याचं इंजिन बंद पडणं ही आपलीही अडचण, असं मानणाऱ्या लोकांची.

आता भाच्याच्या बाजूनं बघा. कमर्शियल परवान्याला दोनशे तास उड्डाण लागतं. भावजींनी चाळीस लाखांच्या वर खर्च केलाय. राहतं घर बँकेकडे आणि गावाकडचा एक तुकडा विकलेला. संस्थेबरोबरच्या करारात एक कलम आहे, की विद्यार्थ्याच्या हलगर्जीपणामुळे विमानाचं नुकसान झालं तर खर्च विद्यार्थ्याकडून वसूल केला जाईल. हलगर्जीपणा म्हणजे काय आणि ते कोण ठरवणार, हे कुठेही लिहिलेलं नाही. विमानं मोजकी, मुलं भरपूर. एक विमान दोन दिवस उभं राहिलं की दहा जणांचे तास बुडतात आणि ते दहा जण त्याच मेसमध्ये जेवायला असतात. सीनियर मुलांनी नव्यांना पहिल्याच आठवड्यात दिलेला सल्ला असा, की दिसलं नसेल तर लिहू नकोस.

तो सल्ला मूर्खपणाचा नाही. त्यांच्या जागी बसून बघितलं तर अगदी शहाणपणाचा आहे. भीती वाटते ती त्याचीच.

मी माझ्या सरांच्या तालमीतला. तरीही चाळीस लाख म्हटल्यावर माझ्या तोंडून 'कुणी पाहिलं का' हेच आलं. मग एकोणीस वर्षांच्या पोरानं काय करायचं?

अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए कंपनीचं एक विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. चौकशीत निघालं की साधारण सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, कंट्रोलरच्या परवानगीचा तसाच चुकीचा अर्थ लावून, थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी कंपनीला सांगितलं. कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत ते पोचलंच नाही. त्यातून १९७६ साली तिथे एक व्यवस्था सुरू झाली. आपल्या हातून झालेली चूक दहा दिवसांच्या आत स्वतःहून कळवा. चूक मुद्दाम केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल, तर त्या उल्लंघनाची शिक्षा माफ. तुमचं नाव काढून टाकलं जातं आणि गोष्ट सगळ्यांना वाचायला मिळते. यातली खरी अक्कल कशात आहे सांगू? ही पत्रं दंड करणाऱ्या खात्याकडे जात नाहीत, ती नासाकडे जातात. ज्याच्या हातात छडी त्याच्याकडे कबुली द्यायची नाही.

आपल्याकडेही नियमात लिहिलेलं आहे की अपघाताची चौकशी ही पुढचा अपघात टाळण्यासाठी, दोष चिकटवण्यासाठी नाही. कागदावर आपण कुठेच मागे नसतो. पण त्या मुलाच्या आणि त्या नियमाच्या मध्ये करारातलं ते एक कलम उभं असतं. २०२५ पासून महासंचालनालयानं फ्लाइंग स्कूल्सची क्रमवारी लावायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. मला फक्त एक शंका आहे. क्रमवारी आकड्यांवर चालते. नोंदवलेल्या चुका मोजल्या तर प्रामाणिकपणे नोंद करणारी शाळा खाली जाणार आणि 'निल' लिहिणारी वर.

त्याच २०२५ च्या जुलैत अमेरिकेत ऑशकोशच्या जत्रेत (जत्राच ती, दहा हजार छोटी विमानं येतात) हौशी वैमानिकांसाठी नवे नियम जाहीर झाले. स्पोर्ट पायलटचा साधा परवाना असलेल्याला आता आधीपेक्षा मोठी विमानं चालवता येतील. त्या परवान्याला वैद्यकीय दाखला म्हणून मोटारीचं लायसन चालतं. तिथे शाळामास्तर, प्लंबर, निवृत्त नर्स रविवारी उडतात. आपल्या गरीब देशानं त्यांची बरोबरी करावी असं मी म्हणत नाही. पण हौसेनं उडणारी साधी माणसं मैदानावरून गेली की तिथे उरतात फक्त विकणारे आणि विकत घेणारे. चूक झाली तर ती ऐकायला फुकटात थांबलेलं कुणी नसतं.

तर त्या रात्री. माझ्या प्रश्नानंतर तो गप्प झाला. मीही. मग तोच म्हणाला, "मामा, तुझ्या त्या ग्लायडरची गोष्ट तूच सांगायचास ना रे?"

एवढंच बोलला. मला बाकी काही सांगावं लागलं नाही. सांगायला तोंडही नव्हतं.

तो पहाटे पाचला उठून हँगरवर गेला. तिथल्या इंजिनिअरला गाठून सगळं सांगितलं. त्यांनी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढलं. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत असते, तिला फायरवॉल म्हणतात. पुढच्या चाकाचा दांडा तिथेच बसवलेला असतो. त्या पत्र्याला सुरकुती पडली होती. बाहेरून वाकून बघणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. विमान उभं केलं. त्या मुलीची क्रॉस कंट्री रद्द झाली. तिला कारण कळलं तेव्हा, भाचा सांगतो, ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याच्यासमोर ताट घेऊन येऊन बसली.

बाकीचं फार गोड नाही. ऑफिसात बोलावून झापलं, ते ठीकच, खोटी नोंद त्यानं केलीच होती. तीन आठवडे उड्डाण बंद. दुरुस्तीचं बिल आलं. आकडा सांगत नाही, पण भावजींनी तो फेडताना माझ्याकडून निम्मे घेतले आणि मी ते बिनबोभाट दिले. मेसमध्ये काही जण त्याला 'हरिश्चंद्र' म्हणू लागले. इंजिनिअरनी मात्र एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "चार वर्षं झाली मला इथे. स्वतःहून येऊन सांगणारा तू दुसरा." चार वर्षांत त्या धावपट्टीवर किती विमानं टेकली असतील, तुम्हीच अंदाज करा.

मी संस्थेला दोन पत्रं लिहिली. करारातलं ते कलम बदला, किंवा निदान असं लिहा की चोवीस तासांत स्वतःहून सांगितलं तर वसुली नाही. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.'

ज्यांची मुलं या वाटेला निघालीयत त्यांना एक सांगतो. आपण चौकशी करताना फी किती, हॉस्टेल कसं, प्लेसमेंट किती टक्के, एवढंच विचारतो. मीही तेवढंच विचारलं होतं, भावजींबरोबर गेलो होतो तेव्हा. आता विचारायचं झालं तर ऑफिसात आधी एवढंच विचारेन, की आज या मिनिटाला उडू शकतील अशी किती विमानं आहेत आणि ती दाखवा. आणि मग मेसमध्ये जाऊन एखाद्या मुलाला, साहेबांना नव्हे, विचारेन, की लँडिंग वाईट झालं आणि जाऊन सांगितलं तर इथे काय होतं रे? तो उत्तर देण्याआधी इकडेतिकडे बघतो का, तेवढं बघा.

भाच्याचे दोनशे तास मागच्या महिन्यात पूर्ण झाले. त्यानं लॉगबुकाच्या त्या पानाचा फोटो पाठवला. त्या संध्याकाळच्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यानं नंतर निळ्या शाईनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'हार्ड लँडिंग. सांगितलं.'

तो बघितल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढली आणि माझी वही शोधली. सत्तावीस उड्डाणं, एकूण तीन तास चाळीस मिनिटं. त्या रोहिणीचा नोंदणी क्रमांक आहे त्यात. १९८६ ते ८९ मध्ये रविवारी हडपसरला येणारं कुणी हे वाचत असेल तर मला मेसेज करा. मिस्त्री कुठे असतात आणि ते ग्लायडर पुढे कुठे गेलं, एवढंच विचारायचंय.